यादीत नसलेली वस्तू

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची पेटी जागेवर स्थिरावली, तेव्हा मोहरकाकांनी उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या सर्वांदेखत खोलीत सावकाश एक फेरी मारली. ही त्यांची जुनी रीत होती. खोली नगरकार्यालयाच्या तळमजल्यावरची. एरवी तिच्यात जुने नकाशे आणि जन्ममृत्यूच्या नोंदवह्या असत. निवडणूक आली की त्या वरच्या मजल्यावर जात आणि त्यांच्या जागी मतदान यंत्रे येत. तेवढ्या दिवसांपुरते तिचे नावही बदले. तिला सुरक्षा कक्ष म्हणत. एकुलती एक खिडकी विटांनी बुजवलेली, दार एकच, कुलूप एकच. दोनशे चौदा यंत्रे आपापल्या खोक्यांत, प्रत्येक खोक्याच्या कडीला क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली. आणि भिंतीलगत टपालाने आलेल्या मतपत्रिकांच्या अकरा लोखंडी पेट्या. काकांनी प्रत्येक चिठ्ठी बोटाने उचलून पाहिली, यादीवर खूण केली आणि दरवेळी म्हणत तेच वाक्य म्हटले, "आत जे आहे ते यादीत आहे. यादीत जे नाही ते आत नाही."

हे वाक्य त्यांना त्यांच्या आधीच्या अभिलेखपालांनी दिले होते. काका स्वतः एकतीस वर्षे अभिलेखपाल होते. पण लाखेची मोहर लावण्यात त्यांचा हात असा बसला होता की त्यांचे पद कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. शिपायापासून वरिष्ठांपर्यंत सगळे त्यांना मोहरकाका म्हणत. ही त्यांची नववी निवडणूक होती आणि शेवटची. मतमोजणी आटोपली की त्याच महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते.

यादीच्या तळाशी वेळ लिहायची असते, तीही मिनिटासह. मोबाइल सर्वांचेच बाहेर जमा झालेले, आणि मनगटी घड्याळ काका कधी वापरत नसत. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक लहानसे पांढरे घड्याळ काढले, शेवटच्या खोक्यावर उभे केले, चष्मा कपाळावर सारून पाहिले आणि लिहिले, 'दहा वाजून बारा मिनिटे.' सही केली, यादी आतल्या खिळ्याला अडकवली आणि दार ओढून घेतले.

मग त्यांचे खरे काम सुरू झाले. कुलपाला कापड गुंडाळून त्यावर सुतळीचे तीन वेढे, वेढ्यांवर कागदी पट्टी, पट्टीवर दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या. मेणबत्तीच्या ज्योतीवर धरलेली लाखेची कांडी ओघळू लागली की गाठीवर थेंब धरायचे, पितळी मोहर ओल्या फडक्यावर टेकवायची, लाखेवर दाबायची आणि मनात आठ अंक मोजायचे. सहाला उचलली तर ठसा फिसकटतो, दहाला उचलली तर लाख मोहरेसोबत वर येते. काकांच्या आठ अंकांच्या काळात कोणी खोकतसुद्धा नसे.

"दहा सत्तावीस, काका," निवडणूक अधिकारी बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून आपण होऊन सांगितले. काकांनी बाहेरच्या नोंदवहीत तसे लिहिले.

खिशातले घड्याळ पुन्हा काढायची गरजच पडली नाही. चूक झाली ती इथे.

इतर भागांतले मतदान अजून बाकी होते, त्यामुळे मोजणी सतराव्या दिवशी व्हायची होती. तोवर दारापासून आठ पावलांवर एक दोरी बांधलेली, दोरीपलीकडे हवालदारबाईंची खुर्ची, आणि अलीकडे लाकडी बाक. बाकाच्या एका टोकाला एका पक्षाचे प्रतिनिधी, निवृत्त गणितशिक्षक. त्यांना सगळे गाव मास्तर म्हणे. दुसऱ्या टोकाला दुसऱ्या पक्षाचा प्रतिनिधी, एक शिंपी, जो दुकान धाकट्या भावावर सोपवून आला होता आणि वेळ वाया नको म्हणून मांडीवर सदरे घेऊन काजे करीत बसे. हवालदारबाई रोज सकाळी त्याच्या सुया मोजून घेत आणि संध्याकाळी जाताना पुन्हा मोजत. पहिल्याच तासाला मोबाइलवरून या दोघांत वादावादी झाली होती. तुम्ही माझा फोटो काढलात, तुम्ही माझे बोलणे टिपलेत, असे काहीतरी. तेव्हा दोघांनीच लेखी मागणी केली की दोरीच्या आसपास कोणाकडेही, अगदी अधिकाऱ्यांकडेही, बोलणारे-ऐकणारे कसलेही यंत्र नसावे. ती सूचना काकांनीच सुवाच्य अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवली.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता, बंद दाराआडून एक बाई बोलली.

"अहो, औषध घेतलंत का? उभ्यानं पाणी पिऊ नका. बसा आधी." मग भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला, आणि तोंड जरा दुसरीकडे वळवल्यासारखी तीच बाई म्हणाली, "झालं का गं?"

शिंप्याची सुई बोटात गेली.

"बाई आहे आत!"

"एक नाही, दोन," मास्तर म्हणाले. अशा प्रसंगीही त्यांचा हिशेब चुकत नसे. "एक बोलतेय आणि दुसरीला विचारतेय, झालं का म्हणून. काय झालं का? काय चाललंय काय आत?"

"मला काय विचारता? तुमच्याच पक्षाच्या असतील. महिनाभर घरोघर बाया पाठवत होतात ना?"

"तुमच्या उमेदवाराला साताचा पाढा येत नाही. खोलीत माणसं बसवून आकडे जुळवायची गरज त्यालाच पडणार."

"तुमच्याच हाताखाली शिकलाय तो, मास्तर!"

"दोघंही गप्प!" हवालदारबाई उभ्या राहिल्या. "आणि बूड बाकाला. दोरीला हात लावलात तर बघा." त्यांनी स्वतः मोहरेला धक्का न लावता दाराला कान दिला. आत काहीच नव्हते. त्यांनी निरोप पाठवला.

निरोप जिना चढता चढता वाढत गेला. पहिल्या मजल्यावर तो 'आत बाई अडकली' असा पोचला, दुसऱ्यावर तिच्यासोबत तान्हे मूल होते, आणि तिसऱ्यावर, जिथे अधिकारी बाई बसत, तिथे यंत्रे आपसांत बोलू लागली होती. बाई आणि मोहरकाका धावतच खाली आले. काकांच्या बगलेत नोंदवही होती.

"नेमकं काय ऐकलंत ते सांगा," बाई म्हणाल्या.

हवालदारबाईंनी एकही शब्द इकडेतिकडे न करता सांगितले. त्यांच्या नोकरीचा तो भागच होता. 'बसा आधी' ऐकताच काकांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिशात कागदाच्या पुडीत बांधलेले दोन नवे सेल होते. बाकी काही नव्हते. हात तिथेच राहिला.

"ती आमची ही आहे," काका म्हणाले.

बाईंनी चमकून पाहिले. "काका, काकू तर..."

"गेली. चौदा महिने झाले. ते घड्याळ आहे, बाई. चारच्या गजराला तिचा आवाज भरलेला. वेळ लिहायला काढलं, आणि आतच राहिलं."

मग शिंप्याला हसू फुटले, पण त्याने ते सदऱ्यात तोंड खुपसून दाबले. मास्तर मात्र हसले नाहीत. "आणि ती दुसरी? झालं का गं?"

"लेकीला विचारतेय. लेक समोर बसून आवाज भरून घेत होती. लाल दिवा गेला का, म्हणून विचारलं तिनं. तेही भरलं गेलं."

अधिकारी बाई वयाने तिशीतल्या. दहा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून काम करीत असताना लाख कशी ओघळू द्यावी हे त्या याच काकांपाशी शिकल्या होत्या. त्या हलकेच म्हणाल्या, "घड्याळच ना, काका? यंत्रांशी त्याचा काही संबंध नाही. मी टिपण ठेवते. एवढं मनाला लावून घेऊ नका."

"यादी खोटी ठरली, बाई."

त्यांनी नोंदवही उघडली आणि उभ्याउभ्याच लिहिले, 'सुरक्षा कक्षात यादीत नसलेली एक वस्तू राहिली आहे. घड्याळ, लहान, पांढरे, एक. ते माझे आहे. चूक माझी आहे.' एकतीस वर्षांच्या नोंदींत 'चूक' हा शब्द त्यांनी स्वतःविषयी पहिल्यांदाच लिहिला. खाली सही करण्यापूर्वी मास्तरांनी वाचले, आणि म्हणाले, "पांढरेच्या पुढे 'बोलणारे' असं घाला. उद्या कोणी ऐकलं तर वाद नको."

काकांनी 'बोलणारे' असे घातले.

परक्याने विश्वासाने स्वाधीन केलेल्या ठेवीला जुन्या ग्रंथांत न्यास म्हणतात. न्यास सांभाळणाऱ्याने तो वापरू नये, बदलू नये, आणि त्यात आपले काही मिसळू नये, असा दंडक आहे. चोरी न करणे कोणालाही जमते. पण आपले स्वतःचे काही त्या ठेवीत जाऊन पडले तर ते परत मागण्याचाही अधिकार मुदत संपेपर्यंत राहत नाही, हे कठीण कलम फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. काकांनी ग्रंथ वाचले नव्हते. त्यांना कलम ठाऊक होते.

दुसऱ्या दिवसापासून मोहरकाका चारला पाच मिनिटे असताना खाली येऊ लागले. हातात पाण्याचा पेला, मुठीत रक्तदाबाची गोळी. येऊन ते दोरीपाशी, दाराकडे तोंड करून उभे राहत. आतून आवाज येई. "अहो, औषध घेतलंत का?" काका गोळी तोंडात टाकत. "उभ्यानं पाणी पिऊ नका. बसा आधी." काका उभ्यानेच पाणी पीत. मग झाकण वाजे, "झालं का गं?" आणि काका रिकामा पेला घेऊन वर जात.

तिसऱ्या दिवशी हवालदारबाईंनी आपली खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना काका. काकू रोज सांगतायत, तुम्ही रोज उभे."

"मोहर लागलेल्या दारासमोर बसायचं नसतं, बाई. आमच्या आधीच्या साहेबांनी सांगून ठेवलंय."

"आणि बायकोनं सांगितलेलं?"

"तिचं घरी ऐकतो."

"घरी ऐकत असता तर काकूंना घड्याळात भरून ठेवावं लागलं नसतं," शिंपी काज पुरे करत म्हणाला, आणि पहिल्यांदाच मास्तर त्याच्या बोलण्यावर हसले.

सहाव्या दिवशी मात्र झाकण वाजले नाही. 'बसा आधी' इथवर येऊन आवाज जड झाला, थोडा खाली घसरला आणि थांबला. 'झालं का गं' आलेच नाही. काका वर जायचे सोडून तिथेच उभे राहिले आणि त्यांचा हात पुन्हा खिशाकडे गेला. हवालदारबाईंची नजर चोर हेरण्यात मुरलेली असली तरी वाईट नव्हती. त्या रोज तो हात पाहत होत्या.

"काका, खिशात काय आहे?"

"काही नाही."

"सहा दिवस बघतेय. काढा बाहेर. पहाऱ्यावर मी आहे."

काकांनी पुडी काढली. दोन सेल बाईंच्या तळहातावर ठेवले.

"त्या घड्याळाचे आहेत?"

"हो. आवाज महिनाभर मंद होत होता. मतदानाच्या आदल्या दिवशी घेतले. घड्याळजीनं बजावलं होतं की जुने दोन्ही एकदम काढू नका, एक काढा, नवा लावा, मग दुसरा. आत थोडीही वीज राहिली नाही तर भरलेलं पुसलं जातं. म्हटलं, घाईत नको, मतदान होऊ दे, निवांत बसून करू."

"पुसलं जातं म्हणजे?"

"म्हणजे पुसलं जातं, बाई."

"दुसरीकडे कुठं आहे का काकूंचा आवाज? मोबाइलमध्ये वगैरे?"

"लेक म्हणाली होती, पुढच्या खेपेला येईन तेव्हा उतरवून घेते." काकांनी सेल परत घेतले, पुडीची घडी पूर्वीसारखीच घातली. "तिला मोबाइलवर बोलायला आवडायचं नाही. हॅलो म्हणून माझ्याकडे द्यायची."

मोजणीला अकरा दिवस होते.

काका जिना चढून गेल्यावर हवालदारबाईंनी बाकाकडे पाहिले. दोघांनीही सगळे ऐकले होते. मास्तरांनी शब्दकोड्याची घडी केली. शिंप्याने सुई सदऱ्यात टोचून ठेवली.

"मास्तर," शिंपी म्हणाला, "तुमचं अक्षर चांगलं आहे."

"तुझी सही तेवढी वाचता येईल अशी कर," मास्तर म्हणाले. सहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला अरेतुरे केले होते, आणि शिंप्याला ते खटकले नाही.

अर्ज दोघांच्या नावाने एकच होता. सर्वांच्या समक्ष दार पाच मिनिटांसाठी उघडून सदर वस्तू बाहेर काढण्यास आणि दार पुन्हा मोहरबंद करण्यास उभय पक्षांची हरकत नाही, असे त्यात लिहिले होते. अधिकारी बाईंनी तो त्याच संध्याकाळी वरिष्ठांकडे पाठवला, स्वतः दोनदा फोन केला, आणि तिसऱ्या दिवशी लेखी परवानगी हातात घेऊन, चारच्या थोड्या आधी, त्या काकांसोबत खाली आल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात लाखेची नवी कांडी होती. चेहऱ्यावर, परीक्षेत पहिले आलेल्या मुलीसारखा, लपवता न येणारा आनंद होता.

"काका, परवानगी आली. तुम्हीच मोहर तोडा, तुम्हीच लावा."

काकांनी कागद वाचला. अर्जाची प्रत वाचली. दोन्ही सह्यांवरून बोट फिरवले. मग त्यांनी कागद नीट दुमडून बाईंच्या हातात परत दिला.

"नको, बाई."

"अहो, नियमात बसतंय! आग, पूर, किंवा वरिष्ठांचा लेखी आदेश. हा लेखी आदेश आहे."

"बसतंय. म्हणूनच भीती वाटते."

"आमची हरकत नाही म्हटलंय ना?" शिंपी बाकावरून उठला. "मी काय उद्या पलटणार आहे का?"

"तुम्ही नाही पलटणार, दादा. पण तुम्ही दोघंच आहात. खोलीत बेचाळीस हजार माणसं बोलून गेलीयेत. आपापलं सांगून, विश्वासानं घरी गेलीयेत. त्यांतलं कोण इथं बाकावर आहे? मी त्यांना काय सांगू, की माझ्या घरचं एक माणूस बोलत होतं म्हणून तुमच्यावरची मोहर तोडली?"

मास्तर खाली मान घालून म्हणाले, "काका, हिशेबानं बोलतो. पाच मिनिटांत कोणाच्या मतांचं काही होत नाही."

"होत नाही, मास्तर. पण झालं नाही, हे मग सांगत बसावं लागतं. आज कोणाला काही सांगावं लागत नाही. ती लाख सांगते."

अधिकारी बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्याचा त्यांना राग आला. "काका, तुम्ही फार हट्टी आहात."

"हे तीही म्हणायची," काका म्हणाले.

तेवढ्यात चार वाजले. आतून आवाज आला. तो आता खोल विहिरीतून आल्यासारखा झाला होता. "अहो... औषध घेतलंत का... उभ्यानं पाणी..."

इतकेच. काकांनी गोळी घेतली. उभ्यानेच पाणी प्यायले.

शिंप्याने एकदा सुचवून पाहिले की सुया मोजून घेताना हवालदारबाईंनी त्याच्या पिशवीच्या तळाशी पाहायचे एक दिवस विसरावे. तिथे एक मोबाइल असेल, चार वाजता तो ऐकेल, झाले. हवालदारबाईंनी भिंतीवरच्या सूचनेकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मला विसरता आलं असतं तर मी कालच विसरले असते." आणि तो विषय तिथेच संपला, कारण सूचनेचा कागद भिंतीवर होता आणि अक्षर काकांचे होते.

त्यानंतरचे दिवस बाकावर कोणी राजकारण बोलले नाही. चार वाजता मास्तर कोडे बाजूला ठेवत, शिंपी दोरा तोडत, आणि आपण एखादी गोष्ट पाठ करीत आहोत हे कोणालाही न जाणवता सगळे ऐकत. तेराव्या दिवशी फक्त 'अहो' आले. चौदाव्या दिवशी चार वाजले, चार वाजून एक मिनिट झाले, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत राहिली. काकांनी गोळी घेतली, पाणी प्यायले, दाराला किंचित मान लववली आणि ते वर गेले. पंधराव्या दिवशीही ते आले. सोळाव्याही.

मोजणीच्या सकाळी आठ वाजता दार उघडायचे होते. दोन्ही बाजूंची माणसे, अधिकारी, निरीक्षक, सगळे दाटीवाटीने उभे होते. निरीक्षकांनी भिंगातून मोहर पाहिली. ठशाची कड न कड शाबूत होती. काकांनी लाख फोडली, सुतळी कापली, आणि दार लोटले. आतला कोंडलेला, लाकडाचा आणि कागदाचा वास बाहेर आला. शेवटच्या खोक्यावर, जसे ठेवले होते तसेच, पांढरे घड्याळ उभे होते. त्याचे काटे कोणत्यातरी पहाटेला थांबलेले होते.

काकांनी ते उचलले नाही. आधी यादी काढली, दोनशे चौदा यंत्रे आणि अकरा पेट्या मोजून दिल्या. मग नोंदवहीत त्या जुन्या ओळीखाली लिहिले, 'घड्याळ, लहान, पांढरे, बोलणारे, एक. मिळाले.' आणि मग उचलले. व्हरांड्यात जाऊन, घड्याळजीने सांगितल्याप्रमाणे, एक सेल काढून नवा लावला, मग दुसरा. काटा चालू लागला. त्यांनी मागची कळ दाबली. बारीकशी पिपाणी वाजल्यासारखा आवाज झाला. पुन्हा दाबली. पुन्हा तोच आवाज. त्यांनी वेळ लावली, घड्याळ खिशात ठेवले आणि ते मोजणीच्या दालनात जाऊन उभे राहिले.

साडेतीनच्या सुमारास निकाल लागला. मास्तरांचा उमेदवार अडतीस मतांनी पडला होता.

बेचाळीस हजारांत अडतीस. दालनात एकदम गलका उठला. पक्षाचा एक तालेवार पुढारी घामाघूम होऊन मास्तरांकडे आला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मास्तर, ती खोली! आतून बाया बोलत होत्या म्हणे सतरा दिवस! सगळा गाव सांगतोय. दार उघडलं होतं असं लिहून द्या. आत्ताच्या आत्ता."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा चेहरा उतरलेला होता. हरणे त्यांना कधीच आवडले नव्हते, कोड्यातसुद्धा.

"उघडलं नव्हतं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मला ठाऊक नसेल तर कोणाला? उघडा म्हणून मीच लिहून दिलं होतं. माझी सही आहे खाली. वरून परवानगीही आली होती." मास्तरांनी दालनाच्या कोपऱ्याकडे बोट केले. "तो माणूस नाही म्हणाला. त्याचं आत काय होतं ते तुम्हाला सांगून कळणार नाही. आपण हरलो. अडतिसानं हरलो, पण हरलो. घरी चला."

पुढाऱ्याने कोपऱ्याकडे पाहिले. तिथे एक पांढऱ्या सदऱ्याचे वृद्ध गृहस्थ रिकाम्या झालेल्या पेट्यांच्या चिठ्ठ्या जुळवत होते. तो काही पुटपुटला आणि गर्दीत मिसळला.

चारला पाच मिनिटे असताना मोहरकाका सवयीने खाली आले. दोरी निघाली होती. खोलीचे दार सताड उघडे होते आणि आत केवळ भिंती होत्या, विटांची खिडकी होती, आणि खिळ्यावर यादी अडकवल्याचा डाग होता. बाकावर शिंपी आपली पिशवी आवरत होता. त्याचा उमेदवार जिंकला होता, बाहेर ढोल वाजत होते, आणि तो का गेला नाही हे त्याला कोणी विचारले नाही. मास्तरही आले आणि आपल्या टोकाला बसले. हवालदारबाई खुर्चीची घडी घालण्याच्या बेतात होत्या. काकांना पाहून त्यांनी ती तशीच राहू दिली.

काका नेहमीच्या जागी उभे राहिले. हातात पेला, मुठीत गोळी. खिशातले घड्याळ चार वाजता पिपाणीसारखे वाजले. काकांनी ते दाबून बंद केले.

"अहो, औषध घेतलंत का?"

हवालदारबाईंनी त्यांच्याकडे पाहिले नव्हते. त्या भिंतीकडे पाहून बोलल्या, पण स्वर त्यांचा नव्हता. 'अहो'वर किंचित रेंगाळणारा, 'का'शी थोडा वर जाणारा, दुसऱ्याच कोणाचा होता.

काकांनी गोळी तोंडात टाकली.

"उभ्यानं पाणी पिऊ नका," मास्तर म्हणाले. त्यांच्या जाड, वर्गातल्या आवाजाला तो लडिवाळ सूर पेलत नव्हता, तरी त्यांनी तो शेवटपर्यंत नेला. "बसा आधी."

दारावर आता मोहर नव्हती. काकांनी एकदा त्या उघड्या दाराकडे पाहिले, मग खुर्चीकडे. आणि ते बसले. बसून, सावकाश, पेला दोन्ही हातांत धरून सगळे पाणी प्यायले.

शिंप्याने आपल्या बटणांचा डबा उघडला, झाकण त्यावर आपटून लावले आणि तोंड पलीकडे वळवून बारीक आवाजात विचारले, "झालं का गं?"

हवालदारबाईंनी पदर नसल्यामुळे बाहीने तोंड झाकले. मास्तरांचे खांदे हलू लागले. मोहरकाका आधी हसले, मग त्यांचा चष्मा धुकटला, आणि मग पुन्हा हसले. सतरा दिवस, आणि त्याआधी चौदा महिने, त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे असते हे त्यांच्या कधी मनातच आले नव्हते.

"झालं," ते म्हणाले.